दादासाहेब फाळके : काचेवरून फितीकडे

दादासाहेब फाळके म्हटले की तुम्हाला 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. येथे मात्र आपण त्यांच्या चित्रपटापूर्वीच्या आयुष्याकडे पाहणार आहोत. कारण पुढील कर्तृत्वाची बैठक तेथेच तयार झाली.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. १८९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचा कॅमेरा घेतला. त्या काळी प्रवासात नेता येईल असा कॅमेरा म्हणजे लाकडी चौकट, घडी होणारा चामडी भाता आणि तिपाई. काळ्या कापडाखाली डोके घालून दुधी काचेवर उमटलेली उलटी प्रतिमा न्याहाळायची आणि मग तेथे रासायनिक लेपाची काच बसवायची. एका काचेवर एकच चित्र. चुकले की काच वाया. पूर्वी लेप ओला असतानाच सारे उरकावे लागे. तयार कोरड्या काचा मिळू लागल्यावर छायाचित्रकाराला अंधारखोली सोबत नेण्याची गरज उरली नाही.

फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगने त्यांची पत्नी व मूल हिरावले आणि ते बडोद्यास परतले. तेथे छायाचित्र काढल्याने आयुष्य घटते असा समज पसरला होता; ग्राहक येईनात. ज्याने घरातले मृत्यू नुकतेच सोसले होते, त्याच्याच यंत्राला लोक मृत्यूचे कारण मानत होते, हे लक्षात घ्या. तरीही त्यांनी कॅमेरा सोडला नाही. १९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक झाले. पुढे नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला.

१९१२ मध्ये लंडनहून चलत्चित्राचा कॅमेरा आणल्यावर त्यांनी प्रथम वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. दिवसांमागून दिवस एकेक चौकट घेऊन त्यांनी ती जोडली. फीत नवी होती. एकेका चित्रासाठी थांबण्याची सवय मात्र काचेच्या काळातली होती. हा लघुपट पाहूनच त्यांना भांडवल मिळाले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

स्वाध्याय : चरित्रनायकाच्या अपयशाचे वर्णन चरित्रात का आवश्यक असते, ते वरील प्रसंगांच्या आधारे तुमच्या शब्दांत लिहा.