हातात मोबाईल, समोर ऊन: दादासाहेब फाळकेंकडून शिका आउटडोअर शूटिंग

कोजागिरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीजवळ थांबलात, तर देवीला पायी निघालेल्या भाविकांची रांग संपता संपत नाही. अशा वेळी हात आपोआप मोबाईलकडे जातो. पण घरी येऊन बघावं तर व्हिडिओ हललेला, चेहरे काळे आणि आवाजात नुसते हॉर्न. मग आपण दोष देतो मोबाईलला. खरं तर मोबाईल नव्हताच, तेव्हा एका मराठी माणसाने उघड्यावर शूटिंग करून अख्खा सिनेमा उभा केला होता. त्यांची गोष्ट वाचा, निम्मं शूटिंग त्यातच शिकाल.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत जे. जे. आणि बडोद्यात कलाभवन इथे ते चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले. पुढे फोटो स्टुडिओ झाला, छपाईचा धंदा झाला. मग मुंबईत येशू ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात एकच वेड शिरलं: आपले देव, आपल्या कथा पडद्यावर आणायच्या. सिनेमे पाहून पाहून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवून 1912 मध्ये त्यांनी लंडन गाठलं, काम शिकून घेतलं आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले.

आधी छोटा प्रयोग
आल्या आल्या त्यांनी मोठा सिनेमा काढायला घेतला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो कसा वाढतो ते महिनाभर एकेक फ्रेम करून टिपलं. आजच्या भाषेत टाइमलॅप्स! त्या छोट्या फिल्मवर पैसे देणारा भेटला. तुम्हीही यात्रेच्या आदल्या दिवशी अंगणात दहा मिनिटं सराव करा.

उजेड ओळखा
'राजा हरिश्चंद्र'चं शूटिंग सूर्यप्रकाशावर व्हायचं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, म्हणजे परतलेला उजेड कलाकाराच्या चेहऱ्यावर पडेल. शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच, आणि दागिनेही याच कामासाठी गेले. म्हणून सूर्य माणसाच्या पाठीमागे नको, तुमच्या पाठीमागे किंवा बाजूला असू द्या. सावलीतल्या चेहऱ्यासाठी पांढरा टॉवेलही चालतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो.

हात स्थिर, वेग एकसारखा
तेव्हाचा कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालायचा. हात मंदावला की पडद्यावरची माणसं धावायला लागायची. आज हा वेग फोन सांभाळतो. आपण फक्त कोपर अंगाला टेकवायचं आणि झूम करण्याऐवजी दोन पावलं पुढे जायचं. फाळकेंचा सिनेमा मुका होता, आपला नाही. म्हणून वाऱ्याकडे पाठ करा, बोलणाऱ्याच्या जवळ जा.

गावाला आधी सांगा
मुंबईजवळच्या वांगणीत बाहेरचं शूटिंग होतं. तलवारी घेतलेली माणसं पाहून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले! मंडळींना पोलिसांनी पकडलं. फाळकेंनी कॅमेरा दाखवून समजावलं, तेव्हा सुटका झाली. कुणाचाही चेहरा जवळून घ्यायचा तर आधी विचारा. आणि भरधाव रस्त्यावर कॅमेऱ्याकडे बघत मागे चालू नका.

3 मे 1913 ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि लोकांनी गर्दी केली. 'लंका दहन', 'कालिया मर्दन' हेही गाजले. मग बोलपट आले, काळ बदलला. 1937 चा 'गंगावतरण' शेवटचा. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा पडद्यापासून दूर पडले होते.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. घरदार पणाला लावून केलेल्या त्यांच्या बहुतेक फिल्म आज उरलेल्याच नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'चेही काही भागच मिळतात.

तुमच्या फोनमधली आजीची पायी वारीसुद्धा अशीच एकुलती एक कॉपी आहे. फोन पडला की गेली. म्हणून आज रात्रीच ती क्लाउडवर किंवा पेन ड्राइव्हवर टाका. शूट करणं अर्धं काम, जपून ठेवणं उरलेलं अर्धं.