बाळू पालवणकर : मैदानाचा नायक, भायखळा-परळचा पराभूत उमेदवार

फेब्रुवारी १९३७. मुंबई प्रांताच्या नव्या विधानसभेसाठी मतदान होत होते. ‘मुंबई शहर (भायखळा आणि परळ)’ या मतदारसंघातील अस्पृश्यांसाठी राखीव असलेल्या जागेवर सर्वांचे लक्ष लागले होते. स्वतंत्र मजूर पक्षातर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसने त्यांच्यासमोर साठी ओलांडलेल्या एका निवृत्त क्रिकेटपटूला उतरवले होते. त्याचे नाव बाळू पालवणकर. आजच्या पिढीला हे नाव ठाऊक असलेच तर क्रिकेटमुळे. तो कधीकाळी बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढला होता, हे सांगितले तर अनेकांचा विश्वास बसत नाही.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा, चर्मकार समाजातील. आडनावातील गाव कोकणातले; वडील मात्र लष्करातील नोकरीमुळे पुण्यात होते. इंग्रज अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडू-फळीवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे काम बाळूंना मिळाले. पगार महिना तीन रुपये. १८९२ मध्ये ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे जाळी लावणे, पट्टी आखणे ही कामे होतीच. शिवाय साहेबांना सरावासाठी गोलंदाजीही करावी लागे. कॅप्टन ग्रेग हा तेथला नामवंत फलंदाज. आपल्याला बाद केल्यास दर खेपेला आठ आणे द्यायचे, असे त्याने बाळूंना सांगितल्याची आख्यायिका आहे. तासन् तास टाकलेल्या या चेंडूंतून एक अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. फलंदाजीचा सराव मात्र त्यांना कोणी दिला नाही. ते काम साहेबांचे होते.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज हवा होता. त्यांना संघात घ्यावे की नाही यावर बराच खल झाला आणि अखेर घेतले गेले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत असे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही निराळे.

प्लेगच्या काळात पुणे सोडून बाळू मुंबईत आले. येथे हिंदू जिमखान्याने त्यांना खेळवले, रेल्वेत नोकरीही मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला आणि मुंबईत जल्लोष झाला. त्या विजयात बाळूंच्या आठ बळींचा मोठा वाटा होता. त्यांचे बंधू शिवरामही संघात होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तेवीसपैकी पंधरा सामने हरलेल्या या दौऱ्यात एकट्या बाळूंनी ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तर एकाच डावात १०३ धावांत आठ बळी घेतले. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीचे होते आणि खांदा दुखत होता.

परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाच्या वतीने त्यांचा सत्कार झाला. त्या प्रसंगीच्या मानपत्रात एल्फिन्स्टन महाविद्यालयातील तरुण विद्यार्थी भीमराव आंबेडकर यांचा पुढाकार होता, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. अस्पृश्यतेच्या भिंती पार करून देशभर नावाजला गेलेला माणूस म्हणून आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता.

तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. वर्षानुवर्षे ते सर्वश्रेष्ठ गोलंदाज होते आणि कर्णधार दुसराच कोणी होई. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूंना वगळले गेले. नियोजित कर्णधार पै खेळू शकत नसताना नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेले. शिवराम आणि विठ्ठल या दोन्ही भावांनी उघड निषेध करून संघातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांतून गदारोळ उठला. अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, पै मैदानाबाहेर गेले असताना काही काळ त्यांनी संघ सांभाळला. एवढेच काय ते कर्णधारपद! पुढे १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले. थोरल्या भावाला नाकारलेले धाकट्याच्या पदरात पडले.

बाळूंचे राजकारण याच अनुभवातून उमगते. सवर्ण हिंदूंनी त्यांना बाहेर बसवले होते, पण त्याच सवर्ण प्रेक्षकांनी खांद्यावरही घेतले होते. हिंदू समाज बदलू शकतो, असे त्यांना वाटत असावे. बाबासाहेबांचा महाड आणि नाशिकचा अनुभव याच्या उलट होता. १९३२ मध्ये आंबेडकर स्वतंत्र मतदारसंघांची मागणी करत असताना बाळूंनी संयुक्त मतदारसंघांचा पुरस्कार करणाऱ्या राजा-मुंजे कराराची बाजू घेतली. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला, त्यावर आंबेडकरांची सही आहे आणि बाळूंचीही. ऑक्टोबर १९३३ मध्ये बाळू हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढले आणि हरले. १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला विरोध केला.

भायखळा-परळची राखीव जागा पुणे करारातूनच निर्माण झाली होती. करारानुसार मुंबई प्रांताच्या वाट्याला पंधरा राखीव जागा आल्या. उमेदवार अस्पृश्य समाजाचा, मतदार मात्र सर्व सर्वसाधारण हिंदू. बहुसंख्य मतदार आपल्याला सोयीचा उमेदवार निवडतील, ही बाबासाहेबांची मूळ भीती होती. मुंबईत त्यावर एक उतारा होता. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला असत, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला टाकता येत. म्हणूनच त्या निवडणुकीतील मतांचे आकडे म्हणजे मतदारांची संख्या नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवे.

शिवाय हा भाग बाबासाहेबांच्या घरचा. परळच्या पोयबावडीतील चाळीत त्यांनी अनेक वर्षे काढली होती. बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया १९२४ मध्ये परळच्याच दामोदर हॉलमधील सभेत घातला गेला. सभोवती कापडगिरण्या. १९२८ च्या प्रदीर्घ संपाच्या वेळी त्यांनी येथल्या कामगारांचा एक प्रश्न लावून धरला होता : अस्पृश्य कामगारांना जास्त मजुरीच्या विणखात्यात का घेत नाहीत? तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, त्यामुळे इतरांना विटाळ होतो, हे त्याचे कारण. ज्या हातांचा चेंडू चालत असे, त्यांचा कपातला चहा चालत नसे, गिरणीतही तेच.

अशा मतदारसंघात काँग्रेसला बाबासाहेबांसमोर तोलामोलाचे नाव हवे होते. त्याच समाजातील, देशभर लोकप्रिय आणि आंबेडकरांनी स्वतः गौरवलेला असा दुसरा कोण मिळणार? बाळू काँग्रेसच्या हातातले बाहुले होते, ही तेव्हाची टीका मात्र अन्यायाची वाटते. त्यांची भूमिका जुनी होती आणि तिच्यासाठी त्यांनी एक पराभव आधीच पत्करलेला होता.

निकाल लागला. आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. फरक अवघा दोन हजार वीस मतांचा. प्रांतातील पंधरा राखीव जागांपैकी अकरा स्वतंत्र मजूर पक्षाने जिंकल्या.

भायखळा-परळच्या या प्रतिनिधीने विधानसभेत काय केले, याच्या नोंदी आहेत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. खेर मंत्रिमंडळाच्या औद्योगिक कलह विधेयकाला त्यांनी सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याविरुद्ध कामगारांचा एक दिवसाचा संप झाला. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दिल्लीला गेले.

१९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसने पुन्हा चर्मकार समाजाचाच उमेदवार, नारायण काजरोळकर, बाबासाहेबांसमोर दिला. आता प्रौढ मताधिकार होता, आणि काजरोळकर साडेचौदा हजार मतांनी जिंकले. बाळूंना पंधरा वर्षांपूर्वी जे साधले नाही ते त्यांनी साधले. पण काजरोळकरांचे नाव आज त्या एका निवडणुकीपुरतेच उरले आहे.

पराभवानंतर बाळूंनी पुन्हा निवडणुकीच्या आखाड्यात नाव गाजवले नाही. जुलै १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. सांताक्रूझच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले, तेव्हा राजकारणातली आणि क्रिकेटमधली माणसे एकत्र उभी होती.