पावलॉव्हचे कुत्रे आणि दारूची तलफ

इव्हान पावलॉव्ह हे नाव घेतले की लाळ गाळणारे कुत्रे आठवतात. मात्र व्यसनमुक्तीच्या उपचारांना त्यांच्या प्रयोगशाळेने किती मोठा आधार दिला, हे फारसे कोणी सांगत नाही. पावलॉव्ह यांनी दारूच्या व्यसनावर उपचार केले नव्हते. पण तलफ कशी लागते, कशी विझते आणि विझलेली पुन्हा का भडकते, याचे उत्तर त्यांच्या कुत्र्यांनी दिले.

पावलॉव्ह यांचा जन्म 1849 मध्ये रशियातील रियाझान गावी झाला. वडील धर्मगुरू होते आणि मुलानेही तीच वाट धरावी म्हणून त्याला धर्मशिक्षणाच्या शाळेत घातले होते. तिथे विज्ञानाची पुस्तके हाती लागली आणि वाट बदलली. 1870 मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात दाखल झाले. पुढे पचनसंस्थेवरील संशोधनासाठी 1904 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले रशियन होते.

पचनाचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले, की अन्न तोंडात पडण्याआधीच कुत्र्याला लाळ सुटते. मग मेट्रोनोमची टिकटिक ऐकवायची आणि लगेच अन्न द्यायचे, असा क्रम सुरू झाला. काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीने लाळ सुटू लागली. शरीर संकेत शिकले होते. यालाच अभिसंधान म्हणतात.

त्यांच्या पुस्तकात याहून बोलका प्रयोग आहे. ताश्कंदच्या एका प्रयोगशाळेत कुत्र्यांना रोज मॉर्फिनचे इंजेक्शन दिले जाई. त्याने मळमळ, लाळ, उलटी आणि मग झोप, असा क्रम होई. पाच-सहा दिवसांनी इंजेक्शनची तयारी दिसताच, औषध शरीरात जाण्याआधीच, तीच लक्षणे दिसू लागली. दारू पिणाऱ्याच्या बाबतीत ग्लासांचा किणकिणाट, ठरावीक वास, पगाराचा दिवस किंवा संध्याकाळची विशिष्ट वेळ असेच काम करते. घोट न घेताही शरीर तयारीला लागते. म्हणून तलफ येणे म्हणजे इच्छाशक्ती नसणे, असे समजणे चुकीचे आहे.

शिकलेले पुसता येते का? पावलॉव्ह यांनी टिकटिक ऐकवली, पण अन्न दिलेच नाही. असे वारंवार केल्यावर लाळ कमी होत थांबली. हे विलोपन. परंतु कुत्र्याला थोडी विश्रांती देऊन पुन्हा टिकटिक ऐकवली, तेव्हा लाळ परत आली. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की जुने शिकणे नष्ट होत नाही; मेंदू त्यावर लगाम घालायला शिकतो. तो लगाम नवा आणि नाजूक असतो.

1924 मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरले आणि त्यांना पोहत बाहेर काढावे लागले. त्यानंतर काही कुत्री शिकलेले सारे विसरली. एक कुत्रा हळूहळू सावरला. पण नंतर दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडताच तो पुन्हा बिथरला. एका संकेताने आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली होती.

अशा बिथरलेल्या कुत्र्यांवर पावलॉव्ह आणि त्यांच्या सहकारी मारिया पेत्रोवा यांनी ब्रोमाइड वापरून पाहिले. हे औषध मेंदूला गुंगी आणत नाही, तर त्याचा लगाम बळकट करते, असे पावलॉव्ह यांचे मत होते. मात्रा प्रत्येक कुत्र्याच्या प्रकृतीनुसार ठरवावी लागे. नाजूक कुत्र्याला जास्त मात्रा उलट अपाय करी. ब्रोमाइड अंगात साठून विषबाधा होते, त्यामुळे आज ते अशा कामी वापरत नाहीत. शिकण्याला औषधाची जोड द्यावी, ही कल्पना मात्र टिकली. 27 फेब्रुवारी 1936 रोजी, वयाच्या 86 व्या वर्षी, पावलॉव्ह यांचे निधन झाले.

आजच्या संकेत-सामना उपचारात दारू सोडलेल्या व्यक्तीला तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आवडीच्या दारूचा ग्लास हातात देतात, वास घ्यायला सांगतात. प्यायची मात्र नाही. तलफ चढते आणि न पिताही उतरते, हे मेंदूला शिकवायचे असते. अडचण पावलॉव्ह यांनी दाखवलेलीच आहे: दवाखान्यात विझलेली तलफ घरच्या कोपऱ्यावर परत येते. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या संकेतांसह सराव करावा लागतो.

इथे औषधाची मदत होऊ शकते. अमेरिकेत 1994 मध्ये दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळालेले नाल्ट्रेक्सोन दारूतून मिळणारा आनंद आणि ओढ कमी करते. संकेत-सामन्यासोबत त्याचा वापर संशोधकांनी तपासला आहे. दुसरे औषध आहे क्षयरोगावरचे जुने सायक्लोसेरिन. ते मेंदूतील शिकण्याशी संबंधित ग्राहींवर काम करते आणि विलोपन पक्के करील, अशी आशा होती. दारूच्या बाबतीत काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. एक धोकाही सांगितला जातो: तलफ उतरण्याआधीच सत्र संपले, तर औषध तलफेचीच आठवण पक्की करू शकते.

म्हणून हे प्रयोग घरी करू नयेत. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, तेव्हा सुरुवातच डॉक्टरांच्या सल्ल्याने हवी. यकृताचा आजार असेल किंवा अफूवर्गीय वेदनाशामके चालू असतील, तर नाल्ट्रेक्सोन घेण्याआधी ते सांगणे अत्यावश्यक आहे.

घरच्यांनीही एक लक्षात ठेवावे. बऱ्याच दिवसांनी तलफ परत आली म्हणजे उपचार वाया गेले, असे नाही. विश्रांतीनंतर पावलॉव्हच्या कुत्र्यालाही लाळ पुन्हा सुटली होती. पण सराव पुन्हा सुरू केल्यावर ती पहिल्यापेक्षा लवकर थांबत असे.