सावळ्या कुंभाराचे दादू

गॅदरिंगच्या वगात मी 'मावशी' होणार हे कळलं आणि होस्टेलमध्ये माझं नावच बदललं. मेसच्या लाइनीतसुद्धा साडी कुठली नेसणार, हीच चौकशी. वैतागून मी नाव मागे घ्यायला निघालो होतो. तेव्हा वर्कशॉपमधल्या मामांनी दादू इंदुरीकरांचा विषय काढला. मला आपला २००७ सालचा मकरंद अनासपुरेंचा सिनेमा तेवढा ठाऊक!

दादूंचं पाळण्यातलं नाव गजानन, आडनाव सरोदे. जन्म १९२८ चा. गाव मावळातलं इंदुरी. आपल्या ओवे गावातून निघून घाट चढलं की तळेगाव, तिथून चाकण रस्त्याला लागलं की इंदुरी. तमाशात ते सोंगाड्या. सोंगाड्या म्हणजे नुसता विनोदी नट नव्हे. राजा, प्रधान, देव, सगळ्यांची टोपी उडवायची मुभा फडात त्यालाच असते.

हरिभाऊ वडगावकरांच्या 'गाढवाचं लग्न' या वगात दादू सावळ्या कुंभार झाले. गंगी होत्या प्रभा शिवणेकर. शापाने गाढव झालेला गंधर्व राजकन्येशी लग्न करायचं म्हणतो, आणि मागणी घालायला जावं लागतं बिचाऱ्या सावळ्याला! कुंभार दरबारात उभा राहिला की हसं मात्र दरबाराचंच होतं. शिवाय हजरजबाबीपणा असा की आजचं वाक्य उद्या तसंच येईल याची खात्री नाही. तमाशाला नाकं मुरडणारी शहरी मंडळीही तिकीट काढून हा वग बघायला गेली. १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८० साली दादू गेले.

हे ऐकून मला माझीच लाज वाटली. ज्या कलेवर माणसं आयुष्य काढतात, ती करायला मी मेसमधल्या हसण्याला घाबरत होतो.

तर, मी मावशी करतोय. तुम्हाला यायचं असेल तर पाठांतर लागत नाही. आधी बतावणीला बसा. दोघं समोरासमोर; एकाने सरळ बोलायचं, दुसऱ्याने त्याचा भलताच अर्थ लावायचा. (व्हायवात आपण हेच करतो म्हणा!) आठवडाभर हे जमलं की गौळणीत पेंद्या मिळेल. झांज आहे, तुणतुणं मामा देतायत, ढोलकीवाला अजून मिळालेला नाही. रोज रात्री जेवणानंतर गच्चीवर या. साडी नेसवायला मात्र कुणीतरी हवंय.