मालमोटारींचा द्रष्टा : सुमंत मूळगावकर

रायगड जिल्ह्यात राजपुरी खाडीच्या मुखाशी दिघी आहे. पलीकडच्या आगरदांड्याहून जंगरमधून आलेली वाहने येथे उतरतात. छोट्या मालगाडीला पुढे म्हसळा-माणगावचा वळणावळणाचा रस्ता आणि पुणे गाठायचे असल्यास ताम्हिणी घाट चढावा लागतो. मासळी आणि बर्फ पाठीवर असले की वेळ दवडून चालत नाही. खारी हवा पत्रा खाते आणि गाडी बिघडली तर जवळच्या गावातला मिस्त्रीच काय तो आधार. अशा बाजारपेठेला कोणती गाडी मानवेल, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याचा आयुष्यभर विचार करणाऱ्या अभियंत्याचे नाव सुमंत मूळगावकर.

५ मार्च १९०६ रोजी मुंबईत जन्मलेल्या मूळगावकरांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात यांत्रिकी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर काही वर्षे ते सिमेंट उद्योगात होते. १९४९ मध्ये ते टेल्कोत आले, तेव्हा ही कंपनी जमशेदपुरात रेल्वे इंजिने बनवीत होती. १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार झाला आणि कंपनी मालमोटारींकडे वळली. करार १९६९ मध्ये संपला. त्यानंतर स्वतःच्या बळावर उभे राहण्याची तयारी मूळगावकरांनी आधीच चालवली होती. पुण्यातील संशोधन केंद्र १९६६ सालचे. पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाना उभारताना त्यांनी तळे केले, झाडे लावली, कारागिरांचे प्रशिक्षण आणि यंत्रे-साचे घडविणारे विभाग सुरू केले. मालमोटार तेथून बाहेर पडली ती १९७७ मध्ये. एवढा उशीर अनेकांना खटकला असेल; पण पुढची लढाई याच पायावर लढली गेली.

ती लढाई १९८०च्या दशकात आली. सरकारने हलक्या मालवाहनांचे क्षेत्र जपानी भागीदारीला खुले केले. टोयोटा, निस्सान, माझ्दा आणि मित्सुबिशी अशा चार नामांकित कंपन्या भारतीय भागीदारांसह उतरल्या. त्यांची वाहने चालवायला हलकी, केबिन आरामशीर आणि तंत्र अद्ययावत होते. टेल्कोची सारी ख्याती अवजड मालमोटारींची. हलके वाहन तिच्याकडे नव्हतेच. जपानी गाड्या वाईट होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्या जेथे घडल्या, तेथे रस्ते गुळगुळीत होते आणि गाडीत ठरलेल्याच वजनाचा माल भरला जाई. आपल्याकडे एक खेप वाचावी म्हणून गाडीत मावेल तितके भरतात, कर्जाचा हप्ताही त्याच भाड्यातून फेडायचा असतो. शिवाय येनचे मूल्य चढल्याने जपानहून येणारे सुटे भाग महागले.

मूळगावकरांना हा ग्राहक परका नव्हता. दुपारच्या जेवणाच्या वेळी ते कार्यालयातून निघून महामार्गावरच्या धाब्यावर जात आणि चालकांकडून गाडीतील उणिवा ऐकून घेत, अशी आठवण सांगितली जाते. १९८६ मध्ये टेल्कोची ४०७ बाजारात आली. दणकट सांगाडा, परिचित यंत्रणा आणि देशभर पसरलेले दुरुस्तीचे जाळे यांमुळे ती पाहता पाहता रुळली. चार जपानी भागीदाऱ्यांपैकी आयशर व स्वराज यांनी नंतर तग धरला, उरलेल्या दोन विरून गेल्या.

१९८८ मध्ये टाटामोबाईल २०६ हा पिकअप आला. अमेरिकेत अशी गाडी शेतकऱ्याची आणि कुटुंबाचीही असते. मागे सामान आणि पुढे घरची माणसे. भारतात १९८०च्या दशकात प्रवासी गाडी वेगळी आणि मालगाडी वेगळी, अशीच समजूत होती. मोटारीचा डौल असलेला हा पिकअप म्हणूनच ४०७सारखा सर्वांचा झाला नाही, असे म्हणता येईल. पण त्याचा पाया वाया गेला नाही. १९९१ची सिएरा आणि १९९४ची सुमो त्याच्यावरच उभ्या राहिल्या.

सुमो पाहायला मूळगावकर नव्हते. १९८८ मध्ये टेल्कोचे अध्यक्षपद रतन टाटांकडे गेले आणि १ जुलै १९८९ रोजी मूळगावकरांचे निधन झाले. सुमंत आणि मूळगावकर या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्या गाडीचे नाव ठेवले गेले. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले.