विश्लेषण : खासगी गुप्तहेराची नोकरी खरोखर कशी असते? डॅशिएल हॅमेट यांनी पिंकर्टनमध्ये नेमके काय केले?

रविवारची दुपार. एक माणूस शहराबाहेर मोकळ्या रानात फिरायला निघाला. त्याच्या मागे थोड्या अंतरावर आणखी एक जण चालत होता, उंच आणि काटकुळा. काही वेळाने पुढचा माणूस वाट चुकला. इकडे वळला, तिकडे वळला, पण शहर कुठल्या दिशेला आहे हेच त्याला कळेना. शेवटी मागच्याने पुढे होऊन त्याला परतीचा रस्ता सांगितला. मागचा माणूस त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी नेमलेला खासगी गुप्तहेर होता.

हा गुप्तहेर म्हणजे डॅशिएल हॅमेट. ‘द माल्टीज फाल्कन’ या कादंबरीचे आणि सॅम स्पेड या पात्राचे जनक. चित्रपटातला कोट-हॅटमधला, कमी बोलणारा डिटेक्टिव्ह आज जगभर ओळखीचा आहे, तो मुख्यतः त्यांच्यामुळे. पण लेखक होण्याआधी त्यांनी हीच नोकरी प्रत्यक्षात केली होती, आणि ती पडद्यावरच्यासारखी अजिबात नव्हती.

गुप्तहेर कसे झाले?

सॅम्युअल डॅशिएल हॅमेट यांचा जन्म २७ मे १८९४ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात झाला. घरची परिस्थिती ओढगस्तीची. वडिलांना हातभार लावण्यासाठी चौदाव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली. त्यानंतर रेल्वे कंपनीत निरोप्या, कारकून, गोदीत हमाल, खोक्यांच्या कारखान्यात खिळे ठोकणाऱ्या यंत्रावर कामगार अशा नोकऱ्या त्यांनी केल्या. त्यातली एकही फार टिकली नाही.

१९१५ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, ते बाल्टिमोरमधल्या ‘पिंकर्टन नॅशनल डिटेक्टिव्ह एजन्सी’च्या कार्यालयात लागले. ॲलन पिंकर्टन या स्कॉटिश स्थलांतरिताने १८५०च्या सुमारास शिकागोत ही एजन्सी सुरू केली होती. उघडा डोळा हे तिचे बोधचिन्ह. खासगी गुप्तहेराला इंग्रजीत ‘प्रायव्हेट आय’ म्हणण्याचा संबंध अनेक जण या डोळ्याशी जोडतात. तिथे डिटेक्टिव्हला म्हणत ‘ऑपरेटिव्ह’. शब्दच कारखान्यातला वाटतो, आणि कामही बरेचसे तसेच होते.

दिवसभर काम काय असे?

बँका, रेल्वे, विमा कंपन्या, दागिन्यांची दुकाने आणि कारखानदार हे एजन्सीचे मुख्य ग्राहक. नवरा-बायकोच्या भानगडी आणि घटस्फोटाची प्रकरणे घ्यायची नाहीत आणि कुणी जाहीर केलेले बक्षीस ऑपरेटिव्हने स्वीकारायचे नाही, असा पिंकर्टनचा जुना नियम होता. त्यामुळे कामे उरत ती अशी : पैसे घेऊन पळालेला कॅशियर शोधणे, विम्याचा दावा खरा की खोटा हे पाहणे, चोरीचा माल कुठे विकला गेला याचा माग काढणे, साक्षीदार हुडकणे आणि सगळ्यात जास्त म्हणजे पाळत ठेवणे. एकदा तर एका बाईंनी आपल्या घरकामवाल्या बाईला कामावरून काढण्यासाठी हॅमेट यांना नेमले होते. स्वतःला सांगायचा धीर होत नव्हता, इतकेच कारण असावे.

पाळत हा हॅमेट यांचा हातखंडा. सहा फुटांहून उंच माणूस गर्दीत लपणार कसा, असा प्रश्न पडेल. त्यांचे म्हणणे, लपायचेच नसते. १९२४ मध्ये त्यांनी या कामाचे चार नियम लिहिले. शक्यतो माणसाच्या मागे राहायचे. त्याच्यापासून लपण्याचा प्रयत्न करायचा नाही. काहीही झाले तरी सहज वागायचे. आणि त्याच्या नजरेला नजर द्यायची नाही. एवढे जमले तर गुप्तहेराच्या कामांत पाळत हे सर्वांत सोपे काम, फक्त माणूस घाबरट नको. वेशांतराची तर ते थट्टाच करत. त्यांच्या ओळखीच्या एका डिटेक्टिव्हने एकदा कसून वेश बदलला, तर रस्त्यात भेटलेल्या पहिल्याच पोलिसाने संशयावरून त्याला धरले.

पाळतीनंतर येई कागदाचे काम. ऑपरेटिव्हने रोज अहवाल लिहायचा, साहेबाने तो तपासायचा आणि मग तो ग्राहकाकडे जायचा. दिवसाच्या हिशेबाने बिल, खर्चाच्या पावत्या, वरून रोजचा रिपोर्ट. आयटी कंपनीत टाइमशीट भरणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका साहेबाने हॅमेट यांच्या अहवालातला ‘व्होरेशस’, म्हणजे अधाशी, हा शब्द काढून तिथे ‘सत्यवादी’ या अर्थाचा शब्द घातला. कारण काय, तर ग्राहकाला मूळ शब्द समजणार नाही. साहेबाला ‘व्हेरेशस’ वाटले होते. जेमतेम शाळा झालेला, पण सार्वजनिक ग्रंथालयात तासन् तास वाचणारा हा माणूस अहवालातला शब्द चुकू देत नव्हता. त्यांच्या पुढच्या गद्याची शिस्त इथूनच आली असे मानायला जागा आहे : काय दिसले, किती वाजता, कोण कुठे गेले. त्याला काय वाटले असेल, हे लिहायचे नाही.

पुरावे, ठसे आणि फजिती

नोकरी सोडल्यावर, मार्च १९२३ मध्ये, ‘द स्मार्ट सेट’ या मासिकात हॅमेट यांच्या आठवणींचे छोटे छोटे तुकडे छापून आले. पोकळ बढाईचा त्यात लवलेश नाही. कादंबरीतल्या डिटेक्टिव्हला धागेदोरे मिळत नाहीत, खऱ्याला ते नको इतके मिळतात, हे त्यांचे निरीक्षण आजच्या सीसीटीव्ही आणि कॉल रेकॉर्डच्या काळातही पटावे. गुन्हेगाराने बोटांचे ठसे जागोजागी सोडले तरी उपयोगी पडेल इतका स्पष्ट ठसा मिळण्याची शक्यता दहात एक, असा त्यांचा अंदाज. दक्षिणेकडच्या एका शहराच्या पोलीसप्रमुखाने त्यांना फरारी माणसाचे वर्णन मानेवरच्या तिळासकट दिले, पण त्याला एकच हात आहे हे सांगायचे विसरला.

अफरातफर करणाऱ्यांबद्दलचा अनुभव जास्त बोलका आहे. मालकाचे पैसे खाणारे जे लोक त्यांनी पाहिले, त्यांत दारू-सिगारेटचे व्यसन असलेले डझनभरही नव्हते. हमी देणाऱ्या कंपन्या मात्र नेमकी व्यसनांचीच चौकशी करत.

फजितीही भरपूर. उत्तर कॅलिफोर्नियात एका रात्री ते हमरस्त्यालगतच्या खाणावळीच्या वरच्या मजल्यात डोकावत होते. ओसरीचे छत कोसळले आणि पाय मुरगळला. शेक घ्यायला पाणी दिले ते खाणावळीच्या मालकानेच. आणि ज्याला ते शोधत होते तो त्या वेळी सिॲटलमध्ये होता. मोंटानात एका कैद्याला रात्री गाडीतून नेताना गाडी बंद पडली. अंगावर फक्त सदरा आणि कामाची विजार असलेला तो माणूस आपण निर्दोष असल्याचे ठासून सांगत होता. रात्रभर थंडीत कुडकुडल्यावर सकाळी चालता चालता त्याने सगळे कबूल केले. हा प्रसंग हॅमेट यांनी गमतीत सांगितला आहे. पण थंडीने मोडलेल्या माणसाच्या कबुलीवर किती विसंबायचे, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच.

मारही खावा लागे. पाठलाग करताना कुणीतरी मागून डोक्यात वीट घातल्याची आठवण त्यांच्या घरचे सांगत. ‘किती रंजक काम असेल तुमचे’ असे न म्हणणारी तरुणी त्यांना एकदाच भेटली, १९१७ मध्ये, वॉशिंग्टनला. हेही त्यांनी नोंदवून ठेवले आहे.

ब्यूट शहरात काय घडले?

पिंकर्टनच्या उत्पन्नाचा एक मोठा भाग संप मोडण्यातून येत असे. १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेड पोलाद कारखान्याच्या संपात एजन्सीची सुमारे ३०० माणसे उतरली आणि दोन्ही बाजूंचे लोक मेले. त्यानंतर कामगार वस्त्यांत ‘पिंकर्टन’ ही शिवी झाली. कामगार बनून संघटनेत शिरायचे आणि सभेतल्या बातम्या मालकाला पुरवायच्या, हेही ऑपरेटिव्हचेच काम.

जून १९१७ मध्ये मोंटानातल्या ब्यूट शहरात तांब्याच्या खाणीत आग लागून १६० हून अधिक कामगार दगावले. त्यानंतर संप पेटला. फ्रँक लिटल हा कामगार नेता तिथे आला. १ ऑगस्टच्या पहाटे मुखवटे घातलेल्या टोळीने त्याला खोलीतून ओढून नेले आणि रेल्वेच्या पुलाला फाशी दिली. मारेकऱ्यांना कधीच शिक्षा झाली नाही. हॅमेट यांच्या दीर्घकाळच्या सहचरी, नाटककार लिलियन हेलमन यांनी पुढे लिहिले, की लिटलला मारण्यासाठी आपल्याला ५,००० डॉलर देऊ केले होते, असे हॅमेट सांगत. अभ्यासकांमध्ये या गोष्टीवर एकमत नाही. पण ब्यूट त्यांच्या मनातून गेले नाही, याला पुरावा आहे. १९२९ मधली ‘रेड हार्वेस्ट’ ही त्यांची पहिली कादंबरी अशाच एका खाणीच्या शहरात घडते, जिथे संप मोडायला मालकाने गुंड आणले आणि मग गुंडच शहराचे मालक झाले.

नोकरी का सुटली?

१९१८ मध्ये हॅमेट सैन्याच्या रुग्णवाहिका विभागात भरती झाले. युद्धावर जाण्याआधीच स्पॅनिश फ्लूने गाठले आणि पाठोपाठ क्षयाने. पुढची काही वर्षे नोकरी आणि रुग्णालय अशा फेऱ्या चालल्या. टकोमाच्या रुग्णालयात जोसेफिन डोलन ही परिचारिका भेटली. जुलै १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोघांचे लग्न झाले आणि ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली.

त्याच सुमारास ‘सोनोमा’ जहाजावरून सोन्याची नाणी चोरीला गेली. तपासासाठी आपल्याला त्याच जहाजाने ऑस्ट्रेलियाला पाठवणार होते, पण निघण्याआधीच सोने सापडले आणि फुकटचा प्रवास हुकला, असे हॅमेट सांगत. प्रवास झाला असता तरी फुप्फुसांनी साथ दिली असती का, शंकाच आहे. रात्र-रात्र रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहणे क्षयाच्या रुग्णाचे काम नव्हे. १९२२च्या सुरुवातीला त्यांनी पिंकर्टन सोडले.

हाताशी लष्कराची तुटपुंजी पेन्शन, घरात तान्हे मूल. संसर्ग नको म्हणून काही काळ पत्नी-मुलींपासून वेगळे राहावे लागले. शब्दावर पैसे देणाऱ्या स्वस्त मासिकांत त्यांनी गोष्टी पाठवायला सुरुवात केली. ‘ब्लॅक मास्क’ मासिकातला त्यांचा नायक बुटका, जाडसर, मध्यमवयीन ऑपरेटिव्ह. त्याला नावही नाही. तो ग्राहकाचा खर्च मोजतो, अहवाल लिहितो, झोप राहिल्याची तक्रार करतो. सॅम स्पेड आला तो १९३०च्या ‘द माल्टीज फाल्कन’मध्ये. स्पेड हा कुणा खऱ्या माणसावरून घेतलेला नाही, आपल्या सहकाऱ्यांना जसे असावेसे वाटे तसा तो आहे, अशी कबुली हॅमेट यांनीच पुढे दिली. जग लक्षात ठेवते तो स्पेडला. खरी नोकरी त्या बिननावाच्या जाड्या माणसाची.

मग तुरुंगात का गेले?

१९३४ मधल्या ‘द थिन मॅन’नंतर हॅमेट यांची एकही कादंबरी आली नाही. हॉलीवूडचा पैसा आला आणि दारूत गेला. राजकारणात ते डावीकडे सरकले. दुसऱ्या महायुद्धात ४८व्या वर्षी पुन्हा सैन्यात भरती होऊन अलास्काच्या बेटांवर सैनिकांचे वृत्तपत्र चालवले. परतल्यावर ‘सिव्हिल राइट्स काँग्रेस’च्या जामीन निधीचे ते विश्वस्त-प्रमुख झाले.

या निधीतून ११ कम्युनिस्ट नेत्यांना जामीन मिळाला होता. जुलै १९५१ मध्ये त्यांतले चार जण शिक्षा भोगायला हजर न होता गायब झाले. न्यायालयाने हॅमेट यांच्याकडे निधीला पैसे देणाऱ्यांची नावे मागितली. कारण उघड होते. पळालेल्या माणसाचा माग काढायचा तर त्याला पैसे पुरवणाऱ्यांपासून सुरुवात करायची, हे पिंकर्टनमध्ये नवख्यालाही कळत असे.

हॅमेट यांनी नावे दिली नाहीत. कागदपत्रांवरची आद्याक्षरे तुमचीच का, याचेही उत्तर दिले नाही. प्रत्येक प्रश्नाला स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनात्मक हक्क सांगितला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुमारे पाच महिने ते तुरुंगात होते, त्यातला बराच काळ केंटकीतल्या ॲशलँडच्या तुरुंगात. तिथे त्यांच्या वाट्याला स्वच्छतागृहे घासण्याचे काम आले. डिसेंबरमध्ये ते सुटले तेव्हा तब्येत पार ढासळली होती. प्राप्तिकर खात्याने थकबाकीपोटी त्यांच्या मिळकतीवर टाच आणली. १९५३ मध्ये सिनेटर मॅकार्थी यांच्या समितीसमोर पुन्हा उभे केले, तेव्हाही त्यांनी कुणाचे नाव घेतले नाही. एफबीआयने त्यांच्यावर वर्षानुवर्षे ठेवलेल्या पाळतीची फाइल अडीचशेहून अधिक पानांची आहे. दुसऱ्यांवर असे अहवाल लिहिण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती.

अखेरची वर्षे त्यांनी न्यूयॉर्कजवळच्या कटोना गावात आणि मग हेलमन यांच्या आधाराने काढली. एक कादंबरी लिहायला घेतली होती, ती अर्धवट राहिली. १० जानेवारी १९६१ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. दोन्ही महायुद्धांत सैन्यात असल्याने त्यांना आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली.