एका सम्राज्ञीची कैद

सौंदर्य हे निसर्गाचे देणे मानले जाते. परंतु त्या देण्याची परतफेड काही स्त्रियांना जन्मभर करावी लागते. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिचे जीवन याची साक्ष देते.

१८३७ साली म्युनिक येथे जन्मलेली ही मुलगी १८५४ मध्ये, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, सम्राट फ्रान्झ जोसेफची पत्नी म्हणून व्हिएन्नाला आली. दरबाराला तिच्याकडून हवा होता तो गादीला वारस. १८५८ पर्यंत तिला तीन अपत्ये झाली. त्यांपैकी थोरली मुलगी दोन वर्षांची असतानाच दगावली, आणि मुलांच्या संगोपनाचा अधिकार सासूने स्वतःकडे ठेवला. जेथे आपले म्हणावे असे काहीच उरले नाही, तेथे तिने एकाच प्रांतावर राज्य केले. तो म्हणजे स्वतःचा देह.

उंची सुमारे १७२ सेंटिमीटर, वजन ५० किलोच्या आसपास आणि कंबर जेमतेम ५० सेंटिमीटर! हे आकडे टिकविण्यासाठी तिने उपासमार पत्करली, वारंवार वजन केले, राजवाड्यातच व्यायामाची साधने बसवून घेतली. घोट्यांपर्यंत पोहोचणाऱ्या केसांची निगा राखण्यात रोजचे कित्येक तास जात. १८६२ च्या सुमारास तिने देशोदेशींच्या रूपवतींची छायाचित्रे जमविण्यास आरंभ केला. त्यासाठी कॉन्स्टँटिनोपलपर्यंतच्या राजदूतांना कामाला लावले. युरोपातील अग्रगण्य सुंदरी म्हणून गाजलेली ही स्त्री इतरांच्या रूपाशी स्वतःला ताडून पाहत नसेल, असे कसे म्हणावे? तिशी उलटल्यावर तिने छायाचित्र काढू देणेच थांबविले. पुढे पंखा आणि बुरखा हेच तिचे सोबती झाले.

१८८९ साली एकुलत्या मुलाने आत्मघात केला. १० सप्टेंबर १८९८ रोजी जिनिव्हा येथे लुइगी लुकेनी या अराजकवाद्याने तिच्या छातीत अणकुचीदार कानस खुपसली. तरीही ती चालत बोटीवर गेली. घट्ट आवळलेल्या कॉर्सेटमुळे रक्तस्राव मंदावला, असे मानले जाते. ते सैल करताच जखम उघड झाली, आणि थोड्याच वेळात तिचा अंत झाला.

पश्चिम आफ्रिकेतील कालाबार परिसरात उपवर मुलींना स्वतंत्र खोलीत ठेवून, भरपूर खाऊपिऊ घालून पुष्ट करण्याची प्रथा होती. तेथे स्थूलता हे सौंदर्य, तर व्हिएन्नात कृशता. माप निराळे, पण ते घेणारा हात दोन्हीकडे समाजाचाच. सौंदर्याचा आदर्श देशोदेशी बदलतो, हे एकदा ध्यानी आले की तो निसर्गनियम नव्हे, हेही कळते. जेवणाचे ताट दूर सारणाऱ्या मुलीला ही गोष्ट वेळीच सांगणे, हे घराचे आणि शाळेचे कर्तव्य होय. सम्राज्ञीला ती सांगणारे कोणी भेटले नाही.